पान एकसष्ट, ओळ चौथी

तूवेने हातोडा उचलला आणि मायब्रित मागून ओरडली, "थांब गं बाई! आधी हे बघ."

साल ब्याण्णव, मे महिना. स्वीडनमधल्या उप्सालात तोंडी परीक्षेच्या तीन आठवडे आधी प्रबंध विद्यापीठातल्या फळीवर खिळ्याने ठोकायचा, की झाला जगजाहीर. तूवेच्या हातात तिची चार वर्षं होती, छापून, बांधून, शाईच्या वासासकट. शेजारी तिचा मार्गदर्शक स्तेलान इस्त्रीचा सदरा घालून उभा. आणि प्रयोगशाळेतली सगळ्यांत जुनी मदतनीस मायब्रित, एक गाल सुजलेला, तीन फोटो पुढे करत होती.

"काल दाढ काढली ना माझी. दालचिनीचा पाव कसला खातेय! तुम्ही सगळे तीनच्या कॉफीला गेलात, मी बसले काम करत. दोनला तुझ्या पेशींच्या दोन्ही बशांत दाह पेटवला आणि बरोबर तासाभराने रसायन घालून पेशी होत्या तशा थांबवल्या. तीनला."

तूवेने फोटो पाहिले. हिरवं रंगवलेलं प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरलं की दाह पेटतो, बाहेर आलं की विझतो. पहिल्या बशीत तूवेचं औषध होतं. प्रथिन बाहेर. दुसरीत औषध घातलेलंच नव्हतं. तरी बाहेर.

"बिनऔषधाचीपण विझली?" तिचा आवाज चिरकला. "ती तर कायम पेटलेलीच दिसायची!"

"दिसणारच. औषधाची आपण तीनला थांबवायचो आणि ही कॉफी पिऊन आल्यावर, चारला. जळतंय ते जळतच राहणार, त्याला कसली घाई, असं म्हणायचो ना? म्हणून काल तसलीच बिनऔषधाची आणखी एक चारपर्यंत ठेवली. तिसरा फोटो बघ. पुन्हा पेटली."

तूवेला रडू आलं. मायब्रितचा राग आला, तिच्या दाढेचाही आला. "आजचा एक दिवस गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

मायब्रित नुसता गाल चोळत राहिली.

"हे बघ, पुस्तक छापलंय," स्तेलान हळूच म्हणाला. "परीक्षकाचं तिकीट काढलंय. आज ठोक, बाकीचं पुढे निस्तरू. कॉफी कधी प्यायलात, असं कोण विचारतंय!"

तूवे दुसऱ्या फोटोकडे बघत होती. "स्तेलान, हिला कुणी औषध दिलंच नव्हतं रे. मग विझवलं कुणी? आत शिरलेलं प्रथिन स्वतःला बाहेर ओढणारा स्वतःच तयार करून घेत असेल का? तो थकला, की पुन्हा आत?"

"असेलही. पण मग तुझ्या औषधाचं काय?"

"तेच तर."

तिने नाक पुसलं. प्रत्येक प्रबंधात छपाईतल्या चुकांची एक चिठ्ठी घालतात. तिची कोरीच होती. गुडघ्यावर ठेवून तिने दोन ओळी लिहिल्या आणि स्तेलानकडे दिली. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. मग त्याने पुस्तक उचलून फळीला लावलं आणि चिठ्ठी त्याच्यावर धरली.

"सरळ धर," तूवे म्हणाली, आणि दोन्हींतून एकच खिळा ठोकला.

पान एकसष्ट, ओळ चौथी. 'औषध न दिलेल्या पेशींत दाह पेटलेलाच राहिला' याऐवजी वाचावे: 'आम्ही कॉफीला गेलो होतो.'