टाकीतला जिताडा

टाकीतला जिताडा कुशीवर कलंडला होता आणि हेमचंद्रकाका यायला जेमतेम दहा मिनिटं उरली होती.

अजितने पंपाच्या तोंडात अडकलेला प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा उपसून काढला. समुद्राचं ताजं पाणी धोधो टाकीत येऊ लागलं. त्याने मासा दोन्ही हातांनी सरळ धरला, तोंड धारेकडे केलं.

"ए बाबा, आज घात नको करू," तो पुटपुटला. "म्हाताऱ्याचा रविवार आहे."

हा जिताडा त्याने काल स्वतः पकडून बोटीतल्या टाकीत ठेवला होता. त्याचं असं झालं, की गळ टाकायला म्हणून बोटीवर येऊ लागलेले काका पहिले तीन रविवार रिकाम्या हातांनी परतले आणि अजितला काही राहवलं नाही. चौथ्या रविवारी काका पाठमोरे चहा पीत बसले असताना त्याने टाकीतला मासा गुपचूप त्यांच्या गळाला लावला. वर्ष झालं, तोच शिरस्ता. काका मासा ओढायचे, दमलेल्या माशाला टाकीत विसावा द्यायचे आणि तरतरीत झाला की समुद्रात सोडायचे.

एकट्या माणसाच्या हाती आठवड्यातून एकदा तरी काही लागायला हवं, नाहीतर तो ठाकूरद्वारच्या दोन खोल्यांत भिंतींकडे बघत बसेल, असं अजितचं ठाम मत होतं. रविवारी तो दुसरं गिऱ्हाईकच घेत नसे.

माशाचे कल्ले हलले. काका धक्क्यावर दिसले, हातात चार पुडांचा डबा. डब्यात नेहमी दोघांचं जेवण. एकट्याला स्वयंपाकाचा अंदाज येत नाही, दुसरं काय!

वरळीचा किनारा मागे पडला. सकाळभर अजितच बोलत होता: इंजिनाचं रडगाणं, शेजारणीचं मांजर, प्रभादेवीच्या गल्लीतलं पार्किंग. काका ऐकत होते. घरी कोणी नसलं की माणसाचं बोलणंच आटतं. अजितला फार वाईट वाटलं.

"काका, चहा घ्या. गळ मी बघतो."

काका पाठ करून बसले. कप संपेपर्यंत वळले नाहीत.

"लागला रे, अजित! लागला!"

पण टाकीत सोडताच जिताडा पुन्हा कलंडला. काकांनी बाह्या सरसावून त्याला धरलं.

"जातोय की काय रे हा?"

"धरून ठेवा, काका. पाणी लागू दे कल्ल्यांना."

अजितने पंपाचा जोर वाढवला. मासा काकांच्या हातात मेला, तर ते पुन्हा यायचे नाहीत. तासभर दोघं टाकीवर ओणवे होते. अखेर माशाने शेपटीचा असा फटका मारला की दोघंही भिजले. काकांनी त्याला समुद्रात सोडलं. काकांपेक्षा अजितच जास्त हसला.

धक्क्यावर एक बाई उभी होती. "मी रुचा. यांची मुलगी." काका हात धुवायला नळाकडे गेले, तशी ती हळूच म्हणाली, "अजितदादा, पुढच्या रविवारी बाबांना सुट्टी द्याल? दादरला माझ्या घरी सगळे जमतात, नातवंडं वाट बघतात. हे ऐकतच नाहीत. बोट लागते, तरी गोळी घेऊन निघतात."

"नाद असतो एकेकाला, ताई."

"मासे पकडायचा? बाबांना?" रुचाने नळाकडे पाहिलं. "ते म्हणतात, अजितची बायको गेल्यापासून त्याच्याशी बोलायला कोणी नाही. मी नाही गेलो, तर बिचारा कोणाच्या गळाला मासा लावेल?"