विमान उडालं का?

सकाळपासून तेजरामनं मोबाइल खाली ठेवला नव्हता. पोरीचं लग्न डोक्यावर, आणि हा बाप नकाशावरचं विमान बघत बसलेला!

"उडालं का?" त्याच्या बहिणीनं, कमलिनीनं विचारलं.

"नाही ना. बंगलोरलेच उभं हाय अजून."

भिलाईच्या हुडको वस्तीतल्या बुद्धविहारात उन्नती पांढऱ्या साडीत बसली होती, शेजारी नवरदेव सुशील. भंतेजी केव्हाचे तयार होते. खोळंबा होता तो उन्नतीच्या भावाचा, राजदीपचा. त्याचं तिकीट बापानंच काढलं होतं. बंगलोर ते रायपूर हजार किलोमीटर, दोन तासांचं उड्डाण. पुढं गाडीनं भिलाई, आणखी तासभर.

सुशीलचे काका शामसुंदर घाम पुसत जवळ आले. "तेजरामभाऊ, किती वाट पाहाची? पाव्हणे भुकेले हायेत."

"आपल्यात मुहूर्त कोठी पाहातेत?" कमलिनी मधेच पडली. "एकुलता एक भाऊ हाय पोरीचा. येऊ द्या ना त्याले!"

तेजरामच्या जिवाला घोर लागायला कारणही तसंच होतं. मागच्या वर्षी असाच मांडव घातला होता. ऐन वेळी पोराकडच्यांना कुणाचा तरी फोन आला, काय सांगितलं कोण जाणे, आणि वऱ्हाड शेजारच्या दुर्गहूनच माघारी फिरलं. उन्नती त्यानंतर कित्येक दिवस कुणाशी धड बोलली नाही. कामावर जायची, पगार आणून आईच्या हातात द्यायची, आणि भिंतीकडं तोंड करून झोपायची. या खेपेला काही विपरीत झालं तर पोरगी खचून जाईल.

फोन वाजला. राजदीप.

"बाबा, बोर्डिंग चालू झाली. मी आल्याशिवाय सुरू नका करजा हं. आन् नवरदेवाच्या काकाचा नंबर पाठवा ना. लेट हो रहा है, मीच समजावतो त्याहिले."

"नंबर कोठी लिहून ठेवला, सापडूनच नाही राहिला बापा. तू ये आरामात. आई-बापाची फिकर नको करू."

"उन्नती हाय तोवर मले तुमची कायची फिकर?" राजदीप हसला. हे तो नेहमीच म्हणायचा.

तेजराम पुन्हा नकाशाकडं बघत बसला. "पोरावर जीव असावा तं असा," मागं कुणीतरी बाई म्हणाली.

"बाबा," उन्नतीनं हळूच विचारलं, "होईल ना सगळं नीट?"

"होईल बेटा."

थोड्या वेळानं त्यानं राजदीपला फोन लावला. बंद. नकाशावरचं विमान सरकलं होतं. तेजराम ताडकन उठला.

"उडालं!"

"चला बाई, सुटलो!" कमलिनी म्हणाली. "आता तो येईपर्यंत पाव्हण्याहिले जेवाले बसवा."

तेजरामनं तिला हातानं थांबवलं आणि तो भंतेजींपुढं जाऊन हात जोडून उभा राहिला.

"भंतेजी, आता दोन घंटे राजदीपचा फोन बंद हाय. लवकर लावा लगन."