कानावरचा पदर

चर्चमध्ये शिट्टी वाजली ती नेमकी अंकिता बायबलच्या वाचनाला उभी राहिली तेव्हा. बारीक आणि लांबलचक. पुढच्या बायकांनी मागे पाहिलं, मागच्यांनी पुढे पाहिलं. महाबळेश्वरच्या त्या लहानशा चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला माणसं असतात ती किती? पण होती नव्हती ती सगळी एकाच जागी बघू लागली, हरणाबाईंच्या डोक्याकडे.

शिट्टी त्यांच्या पदराखालून येत होती. कानाचं मशीन नवं होतं, लेकानं, केरबानं, साताऱ्याहून आणलेलं. उघड्या कानावर ते गुमान काम करायचं. पदर कानाशी घट्ट बसला की किंचाळायचं. आणि हरणाबाईंच्या डोक्यावरचा पदर तर झोपेतसुद्धा हलत नसे. म्हणून मशीन आजवर डबीत होतं आणि घरातली माणसं त्यांच्याशी ओरडून बोलत होती. केरबा टॅक्सीवाला, त्याचा आवाज मुळातच दणदणीत. पण अंकिताला सासूला नुसतं ‘चहा घेता का’ विचारायचं तरी गळ्याच्या शिरा ताणाव्या लागत. लग्न होऊन आल्यापासून हरणाबाईंनी सुनेचा आवाज ऐकला तो असा, भांडल्यासारखा. पोरगी गुणाची, पण तोंडाची तिखट, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

“आत्या, आज मशीन घाला,” अंकितानं सकाळी ओरडून सांगितलं होतं. “मी पहिल्यांदा वाचणार हाय. तुमी ऐकलं पायजे.” हरणाबाईंनी डबी पिशवीतून आणली होती आणि अंकिता बाकावरून उठली तेव्हाच मशीन पदराखालून कानात बसवलं होतं.

एरवी ‘फादरच म्हणतात, सक्ती न्हाई’ असं सुनावून उघड्या डोक्यानं मिस्साला येणारी ही सांगलीची पोरगी आज पदर घेऊन, वर दोन पिना लावून आली होती. सासूसाठीच.

आता ती वाचनाच्या मेजापाशी ताटकळत होती. तोंड उघडलं आणि मिटलं. वेदीजवळ बसलेले फादर माइककडे बघू लागले. बिचाऱ्यांना वाटलं, माइकच बिघडला.

हरणाबाईंनी कानाला हात लावला. मशीन काढून पिशवीत टाकणं सगळ्यात सोपं. कुणी नावं ठेवली नसती. मिस्सा त्यांना तोंडपाठ होती. कुठे उठायचं, कुठे गुडघे टेकायचे, सगळं शेजारणीकडे बघून निभावत होतं. पण सुनेचं वाचन कुठून पाठ असणार?

दुसरा उपाय होता तो अवघड. ‘देवाच्या दारात उघडं डोकं?’ म्हणून त्यांनी इथल्या पोरींना दारातच अडवलं होतं, कितीजणींच्या ओढण्या स्वतःच्या हातानं ओढून डोक्यावर घेतल्या होत्या. आता त्याच पोरी ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ म्हणायला मोकळ्या होणार. हरणाबाईंना लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. त्यांनी क्रूसाकडे पाहिलं. मग अंकिताकडे पाहिलं. ती अजून थांबलेलीच होती.

त्यांनी पदर मागे सारला. पार खांद्यावर. पांढऱ्या केसांचा तो एवढासा अंबाडा चर्चमध्ये आजवर कुणी पाहिला नव्हता. शिट्टी थांबली.

अंकितानं सुरुवात केली न केली, तोच मागच्या बाकावरून रंगुबाई पुढे वाकली. मैत्रिणीचा पदर घसरला आणि तिला बिचारीला कळलंही नाही, असंच तिला वाटलं. इथं दुसरं काय वाटणार? तिनं मायेनं पदर उचलला, हरणाबाईंच्या डोक्यावर घातला आणि दोन्ही कानांशी चापून बसवला. शिट्टी पुन्हा सुरू.

हरणाबाईंनी न वळताच तिच्या हातावर चापट मारली.

“ऱ्हाऊ दे गं, रंगे!” कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं कुजबुजणं ते, शेवटच्या बाकापर्यंत गेलं. “सून वाचतीया माजी. देव काय माजं डोस्कं बघत बसलाय व्हय?”

कुणीतरी खुदकन हसलं. फादरही हसले असावेत, कारण त्यांनी मान एकदम खाली घातली. रंगुबाईनं पदर काढून खांद्यावर नीट ठेवला आणि हात चोळत मागे टेकली.

अंकिता वाचू लागली. तो आवाज हरणाबाईंच्या ओळखीचा नव्हता. मऊ होता, जरासा घाबरलेला, वाक्य संपलं की थांबणारा. दुसऱ्याच कुणा पोरीला उभं केलं की काय, म्हणून त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. अंकिताच होती. एवढ्या गोड आवाजाची पोरगी आपल्या चुलीपुढं वावरते आणि आपल्याला पत्ता नाही! त्यांना स्वतःचाच राग आला, आणि लगेच इतका आनंद झाला की डोळे भरून आले. पुसायला पदर हाताशीच होता.

“देवाला धन्यवाद,” वाचन संपल्यावर सगळे म्हणाले. हरणाबाई किंचित मागून म्हणाल्या, पण सगळ्यांत मोठ्यानं.

मिस्सा सुटली. बाहेर पायरीवर बायकांचा घोळका जमला होता. त्यातून वाट काढत अंकिता सासूपाशी आली. तिचा चेहरा लाल झाला होता. बरं झालं की वाईट, हे तिला एकाच माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. ती नेहमीसारखी हरणाबाईंच्या कानाशी वाकली, गळ्याच्या शिरा ताणल्या आणि ओरडली, “कसं वाचलं, आत्या?”

हरणाबाई दचकून एक पायरी खाली उतरल्या.

“अगं, वरडतीस कशाला? मी हितंच हाय की.”