पाचपैकी पाच

सलाइनमधून औषध सोडणाऱ्या नव्या पंपाचा स्क्रीन वापरायला सोपा आहे का, हे आठ नर्सकडून तपासून घेतलं होतं. त्या चाचणीचे व्हिडिओ पाहून झाल्यावर चाचणी घेणारी तरुणी आपल्या वरिष्ठांकडे, सरांकडे गेली.

"सर, सहा जणींच्या हातून दहापट डोस भरला गेलाय. हा पंप वॉर्डात गेला तर पेशंट जिवानिशी जाईल."

"अगं, कॅमेरा समोर असला की गडबडतात बायका," सर म्हणाले. वापरसुलभतेतला त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. त्यांनी स्वतः तयार केलेला अभिप्रायाचा फॉर्म उघडला. "हे बघ, आठही जणींनी पाचपैकी पाच तारे दिलेत. त्यांची तक्रार नाही, मग तुझ्या पोटात का दुखतंय?"

आणि 'वापरण्यास अत्यंत सोपा' असा शेरा मारून त्यांनी अहवालावर सही ठोकली.

तिला राहवेना. तिने त्या आठ जणींतल्या मोठ्या सिस्टरना फोन लावला. "सिस्टर, एवढा त्रास झाला, तरी पाच तारे कसे दिलेत?"



"आम्ही कुठे दिले, बाई? तुमच्या फॉर्मवर ते आधीच भरलेले होते. कमी कसे करायचे, ते आमच्यातल्या एकीलाही सापडलं नाही."