खळ्यावर उतरलेलं पाखरू

मुंबईचं पत्र इंग्रजीत होतं. घनश्याम मास्तरांनी ते एकदा वाचलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. रुपीबाईचा धीर सुटला.

"मास्तर, वाचून राह्यले का पाठ करून राह्यले? काय लिवलं सांगा ना!"

खळ्याच्या कडेला, कडब्याच्या सावलीत ते पाखरू बसलं होतं. बसलं म्हणजे काय, पोटावर पडलं होतं. दहा दिवसांपूर्वी वादळ झालं, त्याच्या दुसऱ्या सकाळी ते ज्वारीच्या कणसांवर येऊन आदळलं आणि तांड्याचा पाहुणा होऊन राहिलं. बदकाहून मोठं, अंग पांढरं, पंख काळे, आणि उघडले तर पुरुषभर लांब. पायात आकडे कोरलेलं कडं. मास्तरांनी तेच आकडे मुंबईतल्या, पाखरांचा अभ्यास करणाऱ्या जाणकारांना कळवले होते. जखम कुठेच नव्हती, तरी त्याला ना धड चालता येई ना उडता. रुपीबाई रोज नाल्याच्या डोहातल्या मासोळ्या भरवायची. कालपासून मात्र त्यानं चोच उघडली नव्हती.

"हे समुद्रावरचं पाखरू हाये," मास्तर म्हणाले. "साऱ्या दुनियेत एकाच बेटावर घरटं करते, थेही उंच झाडावर. एकच अंडं घालते. पिलू मोठं कराले वरीस लागते, आन नर-मादी दोघंही लागतात. थोडेसेच उरले, म्हणून मोजायले हे कडं घालतात."

"मंग आता?" रुपीबाईच्या नवऱ्यानं, देवसिंगनं विचारलं.

"मेलं असन तं कडं पाठवा, लिवलं. जितं असन तं पेटीत घालून रेल्वेनं पाठवा."

"मुंबईले? धामणगावच्या टेसनापर्यंत तरी जिती राहीन का थे?" रुपीबाई म्हणाली.

पहिल्या दिवशी देवसिंगनं रश्श्याची भाषा केली होती. पण दुसऱ्या दिवसापासून पहाटे मासे धरायला तोच जात होता. हातानं चारलं की जीव लागतो, त्याला कोण काय करणार?

रुपीबाई पाखराजवळ जाऊन टेकली. "घरी पिलू असन का हिचं, मास्तर?"

"पत्रात तसं काही नाही."

"पत्रात कसं असन!"

तेवढ्यात वारा सुटला. दुपारभर त्याची वाट पाहून ती वैतागली होती. अर्धी ज्वारी उपणायची तशीच पडली होती. टोपल्याकडे वळता वळता ती थबकली. पाखरानं मान वर केली होती आणि पंख अर्धे उघडले होते. वारा पडला, पंख मिटले. पुन्हा झुळूक आली, पुन्हा उघडले.

"अवो, हिले काहीच झालं नाही!" ती ओरडली. "थे बी माह्यासारखी वाऱ्याची वाट पाहून राह्यली. उंच झाडावरून उडनारी जात, जमिनीवरून कशी उठन? तिवईवर द्या मले तिले!"

तिवई म्हणजे उपणताना उभं राहायची तीन पायांची उंच घडवंची. रुपीबाई वर चढली. देवसिंगनं पाखरू गोधडीत गुंडाळून वर दिलं. देता देता पाखरानं त्याच्या मनगटाचा लचका तोडलाच. वारा भरात आला, तसं तिनं रोजच्या सवयीनं, टोपलं ओतावं तसं, पाखरू वाऱ्यासोबत सोडलं. ते धप्पकन भुशाच्या ढिगात पडलं.

"गेलं," मास्तर पुटपुटले.

भुसा हलला. आधी चोच वर आली, मग डोकं, भुशानं माखलेलं. देवसिंगला हसू आवरेना. रुपीबाई मात्र स्वतःवरच चिडली. वाऱ्यासोबत जातो तो भुसा. हे जितंजागतं पाखरू इतके दिवस वाऱ्याकडे तोंड करून बसलं होतं, आणि तिनं त्याला उलटं फेकलं होतं.

"आना वापस."

या वेळी ती वाऱ्याला सामोरी उभी राहिली. गोधडी सोडून दिली, पाखराला दोन्ही हातांवर घेतलं आणि थांबली. हात भरून आले तरी थांबली. एखाद्या झुळुकीवर फसायचं नसतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. अंगावरची ओढणी मागे ताणली गेली, तेव्हा तिनं हात वर लोटले.

पाखरू आधी खालीच गेलं. तुरीचे शेंडे त्याच्या पोटाला लागले. देवसिंग धावला. तोच दोन्ही पंख सपाट झाले, आणि कुणी खालून उचलावं तसं ते वर निघालं. बांधावरच्या मोहाच्या झाडावरून गेलं, एकदा वळलं आणि मग दिसेनासं झालं. तिघांचा जीव भांड्यात पडला. रुपीबाई तिवईवरच रडू लागली आणि रडता रडता हसू लागली.

मास्तरांनी टोपी घातली. "रुपीबाई, आता मुंबईले काय लिवू?"

तिनं डोळे पुसले. "लिवा, निंगाली म्हना. आन हे बी लिवा का कालपासून उपाशी हाये. घरी पोचली का पहिले तिले खाऊ घाला, मंग मोजा."