दोन नळ्यांचा सूक्ष्मदर्शक

सहा नकार. काचपट्टीवर पिवळी धूळ. घडी न मोडलेला ॲप्रन. कॉलेजच्या पत्रातला शेरा, "नजरेला नजर देत नाही."

ही सातवी इंटर्नशिपही हुकली, तर स्वमग्न वैदर्भीची एमएस्सी अडकणार होती. परागकणांच्या प्रयोगशाळेतल्या सबनीस मॅडमनी मुलाखतीसाठी तिला शेजारी बसवलं. दोघींनी एकाच सूक्ष्मदर्शकाच्या दोन नळ्यांना डोळे लावले.

"माझ्याकडे नको, परागकणांकडे बघ. काय दिसतंय?"

सोनेरी गोळे संथ तरंगत होते. वैदर्भी अलगद त्यांच्यात उतरली.

"हा काटेरी, जास्वंदीचा. तो गुळगुळीत, गवताचा. आणि तो..." ती थांबेचना.

"पुरे गं! सोमवारपासून ये."

"सोमवारी सुट्टी आहे, मॅडम."

"मग मंगळवारी ये, बाई!"

पत्र वाचून मॅडमनी सकाळीच टेबलापलीकडची खुर्ची उचलून स्वतःच्या शेजारी ठेवली होती.