आत बसलेला माणूस

"मी पळाले नाही, मला पळवलं," हेमलता सिस्टर कोर्टात तिसऱ्यांदा म्हणाल्या. "वीस वर्षं कॅज्युअल्टीत काढलीत मी. ती स्कूटरवाली समोर रक्तात पडली होती आणि मी आतून काच बडवत होते. हे बघा." त्यांनी वाकडी जुळलेली करंगळी वर धरली.

त्यांच्या बिनचालक गाडीच्या नोंदीतही तेच होतं. धडक बसल्यावर आठ माणसं धावत आली. जमाव प्रवाशाला मारणार असं गाडीनं ठरवलं, दारं लावली आणि सिस्टरांना थेट घरी आणून सोडलं.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "पटतंय हो मला. पण गाडीला तुरुंगात कसं टाकणार? कायदा म्हणतो, आत बसलेला माणूस जबाबदार."

अपील फेटाळलं गेलं. सहा महिन्यांची शिक्षा कायम राहिली.

"मग कायदा करणाऱ्यांना बसवा एकदा त्या गाडीत!" सिस्टर ओरडल्या. ते कुणी लिहूनसुद्धा घेतलं नाही.

तुरुंगाकडे निघालेल्या सरकारी गाडीतही चालक नव्हता. शेजारी फक्त कॉन्स्टेबल शेवंता खाडे होत्या. कोर्टाच्या फाटकाबाहेर वळताना गाडीनं एका सायकलवाल्याला उडवलं. टपरीवरची माणसं धावत आली. खट्कन दारं लागली.

"जमाव येत आहे. घाबरू नका," असं म्हणून गाडी सुसाट सुटली.

"थांब! अगं, थांब!" शेवंताबाई काचेवर मूठ आपटू लागल्या.

सिस्टरांनी त्यांचं मनगट धरलं.

"मुठीनं नका मारू, बाई. बोट मोडतं. आणि कोर्टात दाखवून काही उपयोग होत नाही."